‘जलहस्ती’ म्हणजे पाणघोडा काय ? : कौंडण्यपूरच्या वाटेवरील एका शब्दाची परीक्षा

१

विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा विचार करूं लागलें म्हणजे दृष्टि प्रथम कौंडण्यपूराकडे वळते. अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यांत, वर्धेच्या पश्चिम तीरावर वसलेलें हें लहानसें गांव म्हणजेच महाभारतांतील भीमराजाचें आणि हरिवंश-भागवतांतील भीष्मकाचें कुण्डिनपुर, अशी परंपरा आहे. दमयंतीचें माहेर हें, रुक्मिणीचें माहेर हें, आणि कालिदासाच्या रघुवंशांतील इंदुमतीहि विदर्भाचीच. डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं १९६० नंतरच्या वर्षांत येथील टेकाड खणून त्याचा वृत्तांत १९६८ साली प्रसिद्ध केला. येथील वस्ती इसवी सनापूर्वीं कित्येक शतकें नांदत होती, हें त्यावरून स्पष्ट झालें.

या नगराच्या वाटेवर एक प्रश्न उभा आहे. त्याचीं अंगें तीन. पहिलें अंग अस्थींचें : सातपुड्याच्या पलीकडे नर्मदेच्या गाळांत ज्या प्राण्यास आपण आज पाणघोडा म्हणतों त्याच्या जातीच्या प्राण्यांचीं अश्मीभूत हाडें सांपडलीं आहेत. दुसरें अंग शब्दाचें : संस्कृत कोशांत ‘जलहस्ती’ असा शब्द आढळतो, आणि त्याचा अर्थ पाणघोडा असा करणारे विद्वान होऊन गेले. तिसरें अंग काव्याचें : रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत राजपुत्र अज इंदुमतीच्या स्वयंवरासाठीं विदर्भाकडे निघाला असतां वाटेंत नर्मदेच्या तीरीं त्याचा तळ पडतो, आणि त्या नदीच्या पाण्यांतून एक प्रचंड हत्ती एकाएकीं वर येतो.

हाडें नर्मदेंत, हत्ती नर्मदेंत, आणि कोशांत पाण्यांतला हत्ती ! हीं तिन्ही एका सूत्रांत ओवण्याचा मोह कोणासहि पडावा. मग सिद्धान्त असा होईल कीं, कालिदासाच्या कालापर्यंत, निदान त्याच्या पूर्वजांच्या स्मृतींत, पाणघोडा जिवंत होता. आणि कुण्डिनपुरास जाणाऱ्या राजपुत्रानें जो पाहिला तो हत्ती नसून पाणघोडाच होय. वऱ्हाडच्या अभिमानी वाचकास हा सिद्धान्त गोड वाटेल यांत नवल नाहीं. आम्हीं कित्येक वर्षें मुलांस हा पांचवा सर्ग शिकविला आहे, आणि तरतरीत मुलगा असला म्हणजे “हत्ती पाण्याखालीं कसा राहील?” ही शंका काढल्यावांचून तो राहात नाहीं, असा आमचा अनुभव आहे. तेव्हां हा प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. परंतु इतिहासांत गोडपणा हें प्रमाण नव्हे. म्हणून या तिन्ही अंगांची स्वतंत्र परीक्षा करून, तीं एकमेकांस खरोखर जुळतात कीं केवळ शेजारीं ठेविल्यामुळें जुळल्यासारखीं दिसतात, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

२

प्रथम अस्थि, कारण तीन साक्षीदारांत हाच एक असा आहे कीं ज्यास बोलतां येत नसल्यामुळें खोटेंहि बोलतां येत नाहीं.

शिवालिक टेकड्यांत सांपडलेल्या पाणघोड्याच्या हाडांचा अभ्यास करून ह्यू फाल्कनर व प्रॉबी कॉटली या दोघांनीं १८३६ साली त्यास ‘हेक्साप्रोटोडॉन’ असें नांव दिलें. फाल्कनर हा त्या वेळीं सहारणपूरच्या वनस्पति-उद्यानाचा अधिकारी होता. कॉटली हा पुढें गंगेच्या कालव्यामुळें प्रसिद्धीस आलेला स्थापत्यविशारद. आफ्रिकेंतील आजच्या पाणघोड्याच्या खालच्या जबड्यांत पुढचे दांत चार असतात. शिवालिकच्या प्राण्याचे सहा होते. त्यावरून हें नांव. संस्कृत जाणणारास त्याची फोड करण्यास कोशाची गरज नाहीं : ग्रीक ‘हेक्स’ म्हणजे आपला ‘षष्’, ‘प्रो’ म्हणजे ‘प्र’, आणि ‘ओदोन्त्’ म्हणजे ‘दन्त’. भाषा दोन दिसल्या तरी घराणें एक आहे.

पुढें नर्मदेच्या गाळांतूनहि या कुळाच्या प्राण्यांचीं हाडें निघालीं. त्यांतील एका जातीस याच विद्वानांनीं ‘नमाडिकस’ असें विशेषण लाविलें. टॉलेमीनें नर्मदेस ‘नमाडस’ म्हटलें आहे, त्यावरून हें विशेषण आलें. म्हणजे नर्मदेच्या नांवाचा एक पाणघोडा शास्त्राच्या दप्तरीं कायमचा नोंदला गेला आहे. त्याविषयीं वाद नाहीं.

याच गाळांत मनुष्याच्या हातचीं दगडी हत्यारेंहि सांपडलीं आहेत. नरसिंहपूरकडील भुतरा या गांवीं १८७२ साली हॅकेट या भूगर्भशास्त्रज्ञास हाडांच्याच थरांत घडविलेलें एक दगडी हत्यार मिळालें. आणि १९८२ साली अरुण सोनकिया यांस हथनोरा येथें प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला. तेव्हां या देशांत मनुष्यानें पाणघोडा पाहिला होता, ही गोष्ट सिद्ध मानण्यास हरकत नाहीं.

प्रश्न आहे तो कालाचा. भारतांतील या कुळाचा जो सर्वांत अलीकडचा अवशेष म्हणून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांत दिला आहे, त्याचें वय सुमारें १६ हजार वर्षें ठरतें. पाणघोडा दिवसभर पाण्यांत पडून असतो व रात्रीं तीरावर येऊन गवत खातो. त्याची कातडी उन्हास सोसत नाहीं; बारमाही खोल डोह आणि त्यांच्या कांठीं गवत, हीं दोन्ही असल्यावांचून त्याचें चालत नाहीं. अखेरच्या हिमयुगांत मोसमी पाऊस दुबळा झाला, नद्या रोडावल्या आणि त्याच सुमारास हा प्राणी नाहींसा झाला, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. ज्यानें वर्धा चैत्र-वैशाखांत पाहिली आहे, त्यास हें अनुमान समजावून सांगण्याची गरज नाहीं.

आतां वजाबाकी करावी. कुण्डिनपुराचें आयुष्य उदार हातानें मोजलें तरी तीन हजार वर्षांच्या आंत-बाहेर. पाणघोड्याच्या शेवटच्या ज्ञात खुणेपासून त्या नगराच्या पहिल्या घरापर्यंत किमान १३ हजार वर्षांची दरी राहते. या दरीवर पूल बांधावयाचा तर तो हाडांचा बांधतां येत नाहीं. शब्दाचाच बांधावा लागेल. तो शब्द तेवढा भार सोसतो काय, हें आतां पाहूं.

३

शब्दाचा पुरावा प्रथम पुढें मांडला तो फाल्कनरनेंच. त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, म्हणजे १८६५ साली, लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकांत त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें सांगितलें आहे कीं, कलकत्त्याचे पंडित राजा राधाकान्त देव यांस विचारतां त्यांनीं पाणघोड्यास संस्कृतांत ‘जलहस्ती’ या अर्थाचीं प्राचीन नांवें असल्याचें कळविलें, व अमरकोश आणि शब्दरत्नावली यांचा आधार दिला. पुढें तो म्हणतो कीं, कोलब्रूकनें अमरकोशावरील आपल्या टीपांत ‘ग्राह’ व ‘अवहार’ यांचा अर्थ पाणघोडा असा दिला आहे. आणि विल्सननें तोच अर्थ स्वीकारून ‘करियादस्’ व ‘विदु’ असे आणखी दोन शब्द दिले आहेत. इतका पुरावा जमवूनहि फाल्कनरचें स्वतःचें मत सावध होतें : पाणघोडा आर्यांच्या आगमनापूर्वींच नष्ट झाला असावा, परंतु येथील पूर्वीच्या लोकांस तो परिचित असावा, इकडे त्याचा कल होता.

तीन थोर नांवें एका बाजूस पाहून वाचक दबून जाईल. पण साक्षीदार तीन असले म्हणजे साक्षी तीन होतातच असें नाहीं. कोलब्रूकचा अमरकोश १८०८ साली श्रीरामपूर येथें छापला गेला. विल्सनचा संस्कृत कोश १८१९ सालचा. तो फोर्ट विल्यम विद्यालयाकरितां पंडितांनीं रचलेल्या संग्रहावरून तयार झाला, व कोलब्रूकचें काम विल्सनच्या समोर होतें. राधाकान्त देवांच्या शब्दकल्पद्रुमाचे भाग १८२२ पासून निघूं लागले. तिघेहि एकाच कलकत्त्याच्या विद्यामंडळांतले, एकमेकांचे ग्रंथ वापरणारे. कोलब्रूकनें जो अर्थ दिला तोच विल्सननें उचलला, आणि राजेसाहेबांस प्रश्न विचारला गेला तेव्हां तो अर्थ त्या नगरींत निदान अर्धशतक नांदत होता. न्यायसभेंत एकानें ऐकलेली गोष्ट दुसऱ्यानें व दुसऱ्याची तिसऱ्यानें सांगितली तर तिला आपण एकच साक्ष समजतों. येथेंहि तोच न्याय लाविला पाहिजे.

यांत त्या विद्वानांचा अधिक्षेप नाहीं. एक गोष्ट मात्र ध्यानांत घ्यावी कीं, रोमन काळानंतर युरोपांत जिवंत पाणघोडा प्रथम पोंचला तो १८५० साली, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत. म्हणजे १८०८ व १८१९ साली कोशांत अर्थ लिहितांना हा प्राणी युरोपीय कोशकारासहि पुस्तकांतूनच ठाऊक असावयाचा. पाण्यांतलें मोठें, अनोळखी जनावर दिसलें कीं त्यास ग्रीक ग्रंथांतलें नांव द्यावें, हें त्या काळीं स्वाभाविकच होतें.

४

आतां एक-एक शब्द घेऊं.

‘ग्राह’ हा ग्रह् धातूपासून झाला : जो पकडतो तो. ‘अवहार’ हा अव उपसर्गपूर्वक हृ धातूपासून : जो खालीं ओढून नेतो तो. दोन्ही नांवें त्या प्राण्याच्या कृतीवरून पडलीं आहेत, आणि ती कृति कोणती हें भागवतांतील गजेंद्रमोक्षाच्या कथेनें घरोघरीं पोंचविलें आहे : पाण्यांत उतरलेल्या हत्तीचा पाय ग्राहानें धरला तो सोडीना. पाणघोडा माणसास किंवा नावेस जबड्यानें फोडील, पण तो गवत खाणारा प्राणी. भक्ष्य धरून डोहांत ओढून नेणें हा त्याचा धर्म नाहीं. हा धर्म मगरीचा. नांवाची व्युत्पत्ति आणि कथेंतील वर्तन हीं दोन्ही एकच प्राणी दाखवीत असतां तिसराच प्राणी मध्यें आणण्याचें कारण उरत नाहीं.

‘विदु’ शब्दाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. अमरकोशांत हा शब्द जलचरांत येत नाहीं. तो हत्तीच्या अवयवांत येतो. हत्तीच्या मस्तकावर जे दोन उंचवटे असतात ते कुंभ, आणि त्यांच्या मधली खळगी ती विदु. मस्तकाच्या एका खळगीचा आख्खा जलचर कोठें व कसा झाला, याचा उलगडा अमरकोशावरून होत नाहीं. असला शब्द पुराव्यांत गणणें धोक्याचें आहे.

‘करियादस्’ हा सरळ समास आहे. करी म्हणजे हत्ती, यादस् म्हणजे मोठा जलचर. ‘यादसांचा पति’ म्हणून वरुणाचें नांव सर्वांस परिचित आहे. तेव्हां करियादस् म्हणजे हत्तीसारखा जलचर, आणि हाच अर्थ ‘जलहस्ती’ या शब्दाचा. वाद खरा या जोडीविषयीं आहे. अमरकोशाच्या वारिवर्गांत मासे, मकर, शिशुमार, कूर्म, नक्र, कुंभीर, इतकेंच काय पण जळू आणि बेडूकहि आहेत. जलहस्ती मात्र नाहीं. नंतरच्या कोशांत तो येतो तो दुसऱ्या शब्दांच्या ओळींत, पर्याय म्हणून. त्याचें रूप, आहार, आवाज, वस्ती, यांचें वर्णन कोणी देत नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, ‘जलहस्ती’ हें वर्णनपर नांव आहे, आणि प्राणी पाहिल्यावांचून वर्णनपर नांव कसें सुचेल ? आक्षेप विचारार्ह आहे, आणि त्याचें उत्तर ‘हस्ती’ या शब्दांतच आहे. हस्ती म्हणजे हात असलेला. वेदांत त्यास ‘मृग हस्ती’, म्हणजे हात असलेला पशु, असें म्हटलें आहे. जणूं नव्यानें भेटलेल्या प्राण्याकडे बोट दाखवून कोणी सांगत आहे. तेथें नांव वर्णनपर आहे, आणि प्राणीहि खरा आहे. परंतु तो खरा असल्याचें आपणांस नांवावरून कळत नाहीं. त्या नांवामागें जो अफाट पुरावा उभा आहे त्यावरून कळतें. हत्तीचा मद, त्याचे सुळे, त्याची चाल, त्यास धरण्याचे उपाय, त्याचे रोग, यांवर गजशास्त्राचे ग्रंथच्या ग्रंथ झाले. जलहस्तीवर एक श्लोकहि वर्णनाचा नाहीं. नुसतें नांव असणें आणि प्राणी असणें यांतील अंतर येथें स्पष्ट होतें.

मग नांव आलें कोठून ? स्थळावर जो प्राणी आहे त्याची प्रतिमा जळांतहि असते, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. अश्वाचें जन्मस्थान पाणी असें ब्राह्मणग्रंथ मानतात, उच्चैःश्रवा समुद्रांतून निघतो, ऐरावतहि समुद्रांतूनच. प्राचीन शिल्पांत पुढचें अंग हत्तीचें व मागचें माशाचें असा ‘जलेभ’ कोरलेला आढळतो. तसाच मत्स्यपुच्छ घोडाहि. मकरास सोंड असते हें तर कोणत्याहि देवळाच्या तोरणावर पाहावें. आनंद कुमारस्वामी यांनीं ‘यक्ष’ या आपल्या ग्रंथाच्या १९३१ सालच्या दुसऱ्या भागांत या जलप्रतीकांचा विस्तारानें विचार केला आहे. जलहस्ती या कुटुंबांतला आहे. त्याचें घर शिल्पकाराच्या छिन्नीखालीं आहे. नर्मदेच्या डोहांत नाहीं.

शब्द टिकून प्राणी बदलतो, हेंहि विसरतां कामा नये. ‘शिशुमार’ हा शब्द घ्या. गंगेच्या कांठीं त्याचें ‘सूंस’ झालें व तें तेथल्या डॉल्फिनचें नांव राहिलें. मराठींत त्याचीच ‘सुसर’ झाली व ती मगरीच्या जातीस लागली. शब्द एक, प्राणी दोन. आणि दोहोंत साम्य इतकेंच कीं दोन्ही पाण्यांत राहतात. हा फरक अवघ्या दोन-अडीच हजार वर्षांत झाला. मग १३ हजार वर्षें ओलांडून एखादा अर्थ तसाच अखंड येईल अशी अपेक्षा कशी करावी ?

५

या विषयांत एक साक्ष बाहेरची आहे, व ती फार मोलाची आहे. कारण ती पाणघोडा म्हणजे काय हें ठाऊक असलेल्या लोकांची आहे. ग्रीकांनीं हा प्राणी ईजिप्त देशांत पाहिला होता. इसवी सनापूर्वींच्या पांचव्या शतकांत हेरोडोटसनें त्याचें वर्णन दिलें आहे. त्यांत बैलासारखे दुभंगलेले खूर, चपटें नाक आणि आकार मोठ्यांत मोठ्या बैलाएवढा. पण आयाळ, शेपूट व आवाज मात्र त्यानें घोड्याचीं सांगितलीं. आयाळ पाणघोड्यास नसते. वर्णन चुकीचें आहे, तरी तें वर्णन आहे.

पुढें अलेक्झांडर सिंधुतीरीं आला. सिंधूंत मगरी पाहून ही नदीच नाईलचा उगम असावी असें त्यास कांहीं काळ वाटलें होतें, असें अर्रियन लिहितो. म्हणजे ते लोक नाईलच्या खुणा मुद्दाम धुंडाळीत होते. स्ट्रॅबो व अर्रियन दोघेहि सांगतात कीं हिंदुस्थानच्या नद्यांत नाईलमधले जलचर आहेत, एक पाणघोडा मात्र नाहीं. आणि दोघेहि प्रामाणिकपणें पुढें नोंदवितात कीं, ओनेसिक्रिटस मात्र तोहि आहे असें म्हणतो. हा ओनेसिक्रिटस अलेक्झांडरच्या नौकेचा सुकाणूवाला. अद्भुत गोष्टी सांगण्याविषयीं त्याची ख्याति प्राचीन लेखकांतहि होती. बाकीच्यांनीं शोधला व नाहीं म्हटलें. एकानें आहे म्हटलें. नंद-मौर्य काळांत, म्हणजे कुण्डिनपुर भरभराटींत येत असतां, उत्तरेकडील नद्यांत पाणघोडा नव्हता, असाच निष्कर्ष यावरून निघतो.

६

आतां रघुवंशाकडे वळूं. हत्ती पाण्याखालीं कसा, या मुलांच्या शंकेचें उत्तर कालिदासानें स्वतःच दिलें आहे. तें लक्षपूर्वक वाचावें एवढेंच.

पाण्याच्या पृष्ठभागावर भुंगे घिरट्या घालीत होते, त्यावरून आंत हत्ती शिरला आहे हें आधींच सूचित झालें होतें. भुंगे जमतात ते मदाच्या गंधानें. वर आल्यावर त्याचे गाल पाण्यानें धुवून स्वच्छ झाले होते, म्हणजे मद धुवून गेला होता. त्याच्या दोन सुळ्यांवर निळसर उभ्या रेघा होत्या. ऋक्षवान् पर्वताच्या कड्यांवर धडका दिल्याची ती खूण. सोंड आंखडीत व पसरीत तो लाटा फोडीत तीराकडे आला, आणि शेवाळाचें जाळें छातीनें ओढीत आणलें. त्याच्या मदाचा उग्र वास येतांच सैन्यांतले हत्ती माहुतांस न जुमानतां उधळले. आणि शेवटीं, राजानें वन्य हत्ती मारूं नये हा शास्त्राचा निर्बंध ठाऊक असल्यामुळें, अजानें त्यास ठार न करितां केवळ परतविण्याकरितां कुंभस्थळावर बाण सोडला. बाण लागतांच तो मतंगाच्या शापानें हत्ती झालेला प्रियंवद गंधर्व मुक्त झाला, ही पुढची कथा सर्वश्रुत आहे.

मद, सोंड, कड्यावर घासलेले सुळे, कुंभ, आणि हत्तीस हत्तीचा वास येऊन बिथरणें, यांपैकीं एकहि लक्षण पाणघोड्यास लागूं पडत नाहीं. कवीनें त्यास ‘वन्य गज’ म्हटलें आहे. जलगज म्हणणें त्यास वृत्ताच्या अडचणीमुळें अशक्य होतें असेंहि नाहीं. हत्ती पाण्यांत पूर्ण बुडून केवळ सोंडेचें टोंक वर ठेवून पोहतो, ही गोष्ट आज चित्रपटांतून लहान मुलांसहि दिसते; कालिदासाच्या काळीं ती नदीकांठच्या कोणासहि दिसत असावी.

याच वाटेवरची दुसरी कथा महाभारतांत आहे. नलानें टाकल्यावर दमयंती एका व्यापारी तांड्याबरोबर चालली असतां रात्रीं कमलसरोवराच्या कांठीं तळ पडतो. पाण्यासाठीं आलेल्या रानहत्तींचा कळप झोंपलेल्या तांड्यास तुडवून जातो. विंध्य-सातपुड्याच्या रानांतून प्रवास करणारास पाणवठ्यावर हत्तीचें भय होतें, ही व्यवहारांतली गोष्ट दोन्ही कवींनीं आपापल्या परीनें घेतली. कुण्डिनपुराच्या दोन राजकन्यांच्या कथांत पाणी आणि हत्ती एकत्र आले आहेत ते एवढ्याचसाठीं. त्यांत पाणघोडा घालूं म्हटलें तर इतिहास वाढत नाहीं. उलट जी खरी माहिती कवि देत आहे, म्हणजे आज जेथें हत्ती नाहीं त्या रानांत तो एके काळीं भरपूर होता ही, ती मात्र झांकली जाते. हें नुकसान आम्हांस मोठें वाटतें.

७

शेवटीं आपल्या मराठी शब्दाविषयीं. ग्रीक ‘हिप्पोपोटॅमस’ म्हणजे नदीचा घोडा. त्यांतील ‘हिप्पोस’ आणि संस्कृत ‘अश्व’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, असें भाषाशास्त्र सांगतें. फारशींत त्यास ‘अस्प-इ-आबी’, पाण्याचा घोडा, म्हणतात. हिंदींत ‘दरियाई घोडा’ झालें; पण फारशींत दर्या म्हणजे समुद्र, हिंदी-उर्दूंत नदी, आणि मराठींत पुन्हा समुद्र; म्हणून तो शब्द आपल्याकडे घेतला असता तर कोळ्याच्या मुलानें तो खाऱ्या पाण्यांत शोधला असता. कानडींत ‘नीरुकुदुरे’ व तेलुगूंत ‘नीटि गुर्रम्’, दोन्ही घोडेच. तामिळींत मात्र ‘नीर्यानै’ म्हणजे पाण्याचा हत्ती, आणि बंगालींत आज ‘जलहस्ती’ हाच शब्द रूढ आहे. बंगालींतील रूढीचें मूळ कलकत्त्याच्या त्या कोशपरंपरेंत असावें, असा आमचा तर्क आहे.

मराठींत पाणघोडा. हा शब्द ग्रीक कल्पनेचा असला तरी घडण अस्सल मराठी आहे. पाणकोंबडी, पाणमांजर, पाणकावळा, पाणवठा, पाणलोट, या पंक्तींत तो बिनतक्रार बसतो. ‘पाणी’चा ‘पाण’ करून पुढें ओळखीचें नांव जोडावें, ही आपल्या बोलीची जुनी रीत. पाणकावळा कावळा नव्हे आणि पाणमांजर मांजर नव्हे, हें खेडुतास सांगावें लागत नाहीं. तसाच पाणघोडा घोडा नव्हे. आणि हत्तीहि नव्हे. आधुनिक जीवशास्त्रानें त्याचें जवळचें नातें देवमाशाशीं लाविलें आहे, जें ग्रीकांस, पंडितांस किंवा आम्हां मास्तरांस स्वप्नांतहि सुचलें नसतें. मुंबईच्या राणीच्या बागेंत ज्यांनीं तो पाहिला, त्यांना तो आफ्रिकेचा पाहुणा म्हणूनच ठाऊक झाला. त्याचे आप्त एके काळीं नर्मदेंत राहात होते, हें पाटीवर कोणी लिहिलें तर बरें होईल.

८

तात्पर्य असें. नर्मदेंत पाणघोडा होता, हें अस्थींवरून सिद्ध आहे. त्यास मनुष्यानें पाहिलें, हेंहि हत्यारांवरून मानतां येतें. परंतु ज्या मनुष्यानें पाहिलें त्याची भाषा आपणांस ठाऊक नाहीं, आणि त्यानें त्या प्राण्यास काय हांक मारली हें कोणत्याहि कोशांत मिळणार नाहीं. संस्कृतांतील ग्राह व अवहार हे मगरीचे. विदु हत्तीच्या मस्तकाचा. करियादस् व जलहस्ती हे कल्पनेच्या जलचरांचे. रघुवंशांतला हत्ती हत्तीच. फाल्कनरचें अर्धें मत, म्हणजे आर्यभाषेच्या आधींच प्राणी नष्ट झाला होता हें, काळानें खरें ठरविलें. दुसरें अर्धें, म्हणजे शब्दाच्या आधारें त्याची आठवण शोधणें, सोडून दिलें पाहिजे.

यामुळें कौंडण्यपूरचें कांहीं उणें होत नाहीं. ज्या नगराच्या नांवावर व्यास आणि कालिदास उभे आहेत, त्यास आणखी एका जनावराचा आधार नको. उलट वर्धेच्या खोऱ्याचा खरा प्राचीन इतिहास अजून कांठाच्या गाळांत आहे. वर्धा वैनगंगेस मिळून प्राणहिता होते व ती गोदावरीस मिळते. आणि गोदावरीच्या गाळांत नांदूर-मध्यमेश्वर येथें प्राचीन हत्तीची कवटी सांपडल्याचें १९०५ साली पिलग्रिमनें प्रसिद्ध केलेंच आहे. तेव्हां आमच्या वऱ्हाडांतील वाचकांस एवढीच विनंति कीं, रेती काढतांना, विहीर खणतांना किंवा दरड कोसळल्यावर दगडासारखें जड हाड दिसलें तर तें राक्षसाचें म्हणून देवळांत नेऊं नये व कुतूहलानें फोडूंहि नये. तें जेथें आहे तेथेंच ठेवून, वरून किती हात खोल व कोणत्या रंगाच्या थरांत आहे हें लिहून ठेवावें, आणि पुरातत्त्व किंवा भूगर्भ खात्याच्या जाणत्या माणसास कळवावें. थरावांचून हाड म्हणजे संदर्भावांचून शब्द. आणि संदर्भावांचून शब्दानें विद्वानांची किती वर्षें खाल्लीं, तें वर आलेंच आहे.